हत्ती कोणी घेतले? नागपुरात इतिहासकारांशी बोलायला बसणाऱ्या नवख्यांसाठी

नागपूरच्या महाल भागातल्या एका छोट्या वाचनालयात आम्ही महिन्यातून एकदा इतिहासाच्या एखाद्या अभ्यासकाला बोलावतो. तास-दीड तास गप्पा होतात, त्या रेकॉर्ड करतो आणि नंतर बसून उतरवून काढतो. दरवर्षी दोन-चार नवी मुलं-मुली या कामात येतात. हौस दांडगी असते, पण पहिल्या गप्पांत बहुतेकांची तीच फजिती होते जी माझी झाली होती. ती आधी सांगतो.

माझी पहिली गप्पा तिसऱ्या रघुजी भोसल्यांवर होती. समोर निवृत्त प्राध्यापक, चाळीस वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या कागदांत घालवलेले. मी घसा साफ करून विचारलं, "सर, तिसरे रघुजी राजे म्हणून कसे होते?" सर पंचवीस मिनिटं बोलले. सगळं बरोबर, सगळं व्यवस्थित, आणि सगळं पुस्तकात असलेलं. ११ डिसेंबर १८५३ ला रघुजी वारले, पोटी मुलगा नव्हता, गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तकाचा हक्क मानला नाही, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. वाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला विकायला गेलं, हत्ती-घोडे-बैल इथंच सीताबर्डीवर लिलावात निघाले. समोरची माणसं हळूच घड्याळ बघायला लागली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून बी. कॉम.च्या एका पोरानं हात वर केला. "सर, ते हत्ती घेतले कोणी?"

सर थांबले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मी कधी पाहिलं नाही," म्हणाले. आणि मग खऱ्या अर्थानं बोलायला लागले. हत्ती पोसायला रोजचा खर्च किती, तो परवडणारं नागपुरात उरलं होतं कोण, लिलावात भाव पडले की नुकसान कोणाचं, माहुतांचं आणि मोतद्दारांचं पुढं काय झालं, दरबार उठल्यावर इतवारीत रेशीमकाठी कापड विणणाऱ्या कोष्ट्यांचं मोठं गिऱ्हाईक गेलं ते कसं. राज्य खालसा होणं म्हणजे काय, हे त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं, आणि ते एका हत्तीच्या मागं चालत गेल्यामुळं दिसलं. त्या पोराला मी नंतर तर्री-पोहे खाऊ घातले.

आता रीतीनं एकेक पायरी घेऊ.

माणूस नको, दिवस निवडा

नवा माणूस येतो तो "मला बाबासाहेबांवर करायचंय" किंवा "भोसल्यांवर करायचंय" असं म्हणत येतो. एवढ्या मोठ्या विषयावर कोणीही अभ्यासक भाषणच देईल, दुसरं काय करणार? म्हणून आमच्याकडं नियम आहे: विषयात एक तारीख असली पाहिजे. तारीख धरली की माणूस आपोआप त्याच्या काळात जाऊन उभा राहतो, त्याच्या आजूबाजूची गर्दी दिसायला लागते.

नागपुरात तारखांना तोटा नाही. २६ नोव्हेंबर १८१७, संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रजांची फौज भिडली. १ जानेवारी १८७७, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीला व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, गिरणीचं नाव तिथून आलं. १४ ऑक्टोबर १९५६, दसरा, बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आणि त्यानंतर बरोबर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्य पुनर्रचनेत नागपूरचं मध्य प्रदेशच्या राजधानीचं स्थान गेलं आणि शहर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं.

हे शेवटचे अठरा दिवस मला फार आवडतात. पुनर्रचनेचा कायदा ऑगस्टअखेर झाला होता, म्हणजे दसऱ्याच्या दिवशी नागपुरातल्या प्रत्येक कारकुनाला माहीत होतं की महिनाभरात आपलं सचिवालय उठणार. एका मैदानावर लाखो माणसं नव्या आयुष्यात पाऊल टाकताहेत आणि काही अंतरावर सिव्हिल लाइन्समध्ये फायली बांधल्या जाताहेत. पुस्तकांत ही दोन प्रकरणं वेगवेगळी असतात. तारीख निवडली तरच ती एका पानावर येतात.

तारीख निवडताना एक शंका मात्र जवळ ठेवा: वळण खरंच त्याच दिवशी आलं का? हिंदू म्हणून मरणार नाही ही बाबासाहेबांची येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षं आणि एक दिवस. बाबासाहेबांच्या अनुसूचित जाती फेडरेशन या पक्षाची स्थापना १९४२ च्या जुलैत नागपुरातच झालेली. मग वळण कोणतं म्हणायचं? या एका प्रश्नावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली आणि तरी दोन अभ्यासक शेवटपर्यंत एकमेकांशी सहमत झाले नाहीत. उत्तम झाली ती गप्पा.

कोणाकडं जायचं

"इतिहासकार" हा एकच शब्द असला तरी माणसं चार जातीची असतात, आणि चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारला की दोघांचाही वेळ जातो.

वाकाटक या प्राचीन राजघराण्याबद्दल विचारायचं असेल, रामटेकजवळचं नगरधन म्हणजे त्यांची जुनी राजधानी नंदिवर्धन, वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचे ताम्रपट, तर पुरातत्त्ववाल्यांकडं आणि शिलालेख वाचणाऱ्यांकडं जा. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे लेख संपादित केले ते याच शहरात शिकवत असतानाच्या अभ्यासातून, त्यामुळं इथं ती परंपरा जुनी आहे. आपल्या विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व हा विभागच वेगळा आहे, इतिहास विभाग वेगळा. नवखे हे दोन्ही एकच समजतात आणि भलत्याच दारात जाऊन उभे राहतात.

भोसलेकाळासाठी मोडी वाचणारा माणूस हवा. इंग्रजी अमदानीसाठी पुराभिलेखागारात दिवस काढलेला. विसाव्या शतकासाठी जुनी वर्तमानपत्रं चाळलेला, आणि जमलं तर त्या काळातली म्हातारी माणसं शोधून त्यांच्याशी बोललेला. विदर्भ संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जाऊन नुसतं "या विषयावर कोण काम करतं?" असं विचारलं तरी तीन नावं मिळतात. तिसरं नाव बहुतेक वेळा सगळ्यात कामाचं निघतं, कारण त्या माणसाला फारसं कोणी बोलावत नाही आणि त्याच्याकडं सांगायला भरपूर साठलेलं असतं.

पदवी फार बघू नका. आमच्याकडं आलेल्या उत्तम अभ्यासकांत एक बँकेतून निवृत्त झालेले काका होते. गोंड राजांची नाणी जमवतात. गोंड राजा बख्त बुलंद शाहानं हे शहर वसवलं, चांद सुलतानानं इथं राजधानी आणली, तेव्हाचा जुम्मा तलाव म्हणजे आपला गांधीसागर. नागपूरचा इतिहास भोसल्यांपासून सुरू करणाऱ्याला ते काका आधी अर्धा तास मागं नेतात, मग पुढं येऊ देतात.

फोन करा. एकदम व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर टाकू नका, तो कोणी वाचत नाही. उन्हाळ्यात दुपारी एक ते चारमध्ये तर फोनही करू नका, अख्खं नागपूर त्या वेळी पडदे ओढून आडवं झालेलं असतं. फोनवर एवढंच बोलायचं: "नमस्कार सर, मी अमुक, अमुक वाचनालयाकडून बोलतोय. १८१७ च्या लढाईवरचा तुमचा लेख वाचला. त्यात भोसल्यांच्या अरब शिपायांबद्दल जे लिहिलंय त्यावर दोन-तीन प्रश्न आहेत. तासभर द्याल का?" लेखातली एक नेमकी गोष्ट सांगितलीत की काम झालं. "तुमचं मार्गदर्शन हवं होतं" असं म्हणालात की ते "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात, आणि तो पुढचा महिना येत नाही.

मानधनाचं फोनवरच स्पष्ट बोला. देता येत नसेल तर तसं सांगा, कोणी रागावत नाही. घ्यायला-सोडायला जायचं मात्र नक्की ठरवा. शाल-श्रीफळ ऐच्छिक. माझ्या मते त्या पैशात त्यांना हव्या असलेल्या एखाद्या जुन्या पुस्तकाची झेरॉक्स बांधून दिली तर जास्त आवडते.

घरचा अभ्यास

एक पान. त्याहून जास्त नको. डावीकडं तारखा, उजवीकडं त्या तारखेला आपला माणूस कुठं होता. बस. हे पान करताना निम्मा इतिहास आपोआप स्वच्छ होतो. कसा, ते माझ्याच फटफजितीवरून सांगतो.

झेंडा सत्याग्रहावर गप्पा होती. १९२३ चा उन्हाळा, तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडं निघालेल्या तुकड्या, रोजच्या अटका, जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल सूत्रं हातात घ्यायला आलेले. मी प्रास्ताविकात दिमाखात वाचलं की याच वर्षी एप्रिल-मेमध्ये गांधीजींना सीताबर्डीच्या किल्ल्यात कैद करून ठेवलं होतं. हे वाक्य अनेक ठिकाणी छापलेलं सापडतं, मी तिथूनच उचललं होतं.

सरांनी माईक नसलेल्या बाजूला वळून हळूच विचारलं, "तेवीस साली गांधीजी कुठं होते हो?"

मी गप्प. गांधीजींना मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, ते पुण्याला येरवड्यात होते, आणि सुटले ५ फेब्रुवारी १९२४ ला, तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर. म्हणजे एकाच वेळी येरवड्यात आणि बर्डीच्या किल्ल्यात! माझ्या एका पानावर "१९२३: गांधीजी, येरवडा" अशी एक ओळ असती तर पन्नास माणसांसमोर तोंडावर पडलो नसतो. सर मात्र छान माणूस. पुढं त्यांनी त्याच चुकीवर दहा मिनिटं घेतली: एखादी गोष्ट एकदा छापली गेली की ती दुसरा छापतो, मग तिसरा, आणि मग "सगळीकडं लिहिलंय" हाच पुरावा होऊन बसतो. सत्याग्रह त्याच वर्षी, त्याच शहरात. आठवणी एकमेकींत मिसळल्या असाव्यात हा त्यांचा अंदाज. अंदाज म्हणूनच सांगितला त्यांनी, आणि हे मला विशेष वाटलं.

जुन्या कागदांवर तारखा आपल्यासारख्या नसतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. मराठेशाहीच्या कागदांवर सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. हे तुम्हाला येत असेल तर अभ्यासक तुमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात. मोडी येत नसेल तरी चालेल, पण त्यांनी कागद पुढं केला तर उलटा धरू नका. हसू नका, मी पाहिलंय.

आणखी एक: ज्या माणसाला बोलावलंय त्याचं लिखाण वाचाच, पण त्याच्याशी न पटणारं एक तरी लिखाण वाचा. नाहीतर तुम्ही फक्त मान डोलावत बसाल.

प्रश्न

इथं थोडं थांबू, कारण सगळा खेळ इथंच आहे.

"थोर होते का", "चुकलं कोणाचं", "योगदान काय", "आजच्या पिढीनं काय शिकावं". हे चार प्रश्न मी आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून त्यावर फुली मारून ठेवलीये. यांची उत्तरं ठरलेली असतात. अभ्यासकालाही ती पाठ असतात, ऐकणाऱ्यालाही.

त्याऐवजी असं विचारा: त्या सकाळी त्या माणसाला काय माहीत होतं? आप्पासाहेब २६ नोव्हेंबर १८१७ ला काय जाणून होते? पुण्यात पेशव्यांची इंग्रजांशी खडकीला लढाई होऊन तीन आठवडे झाले होते. ती बातमी कशी आली, कोणत्या रूपात आली, जिंकले म्हणून आली की हरले म्हणून? आज आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून आप्पासाहेब मूर्ख किंवा दुर्दैवी वाटतात. त्या सकाळी शेवट कोणालाच माहीत नव्हता. हा एक प्रश्न विचारला की अभ्यासक खुर्चीत पुढं सरकून बसतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता त्या हालचालीची वाटच बघतो.

दुसरा प्रश्न, दर दहा मिनिटांनी तरी यायला हवा: हे कुठून कळतं? उद्धटपणे नाही, खऱ्या कुतूहलानं. "सर, हे कोणत्या कागदात मिळालं?" सीताबर्डीच्या लढाईबद्दल आपण जे वाचतो त्यातलं बरंचसं इंग्रजांच्या बाजूनं लिहिलेलं आहे. भोसल्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, रिचर्ड जेन्किन्सनं पुढं या मुलखाचा मोठा अहवाल लिहिला, आणि लढाईच्या दिवशी हाच जेन्किन्स टेकडीच्या पायथ्याशी रेसिडेन्सीत होता. म्हणजे साक्षीदारही तो, पक्षकारही तो आणि लेखकही तोच. अहवाल टाकून द्यायचा असं नाही, त्यात बाजारभावापासून गावांच्या कारभारापर्यंत सोन्यासारखी माहिती आहे. पण अभ्यासक तो कसा वाचतात, कुठं विश्वास ठेवतात, कुठं भुवई वर करतात, हे त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखं दुसरं शिक्षण नाही. बखरीलाही हाच प्रश्न: कोणासाठी लिहिली, किती वर्षांनी लिहिली?

आकड्यांना तर हटकून. दीक्षेच्या दिवशी किती लोक होते? पुस्तकागणिक आकडा बदलतो. "नेमका आकडा काय" असं विचारण्यापेक्षा "मोजलं कोणी आणि कसं?" विचारा.

तिसरा प्रकार म्हणजे हत्तीचे प्रश्न. खाणं, झोपणं, भाडं, कपडा, पैसा. दीक्षेवरच्या गप्पांत एका नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, एवढे लोक बाहेरून आले, त्यांनी पांढरे कपडे आणले कुठून?" पांढरे कपडे घालून या असं लोकांना सांगितलेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण ज्या घरात दोन लुगडी, त्यांनी काय केलं? मॅडम बोलायला लागणार तोच श्रोत्यांतून एक आजी उठल्या. त्या वेळी त्या अकरा वर्षांच्या होत्या. म्हणाल्या, "माह्या मायनं तिचं हिरवं लुगडं धुण्याच्या सोड्यात उकळलं. रंग काही पुरा गेला नाही. पाचोळ्यासारखं झालं ते. तेच नेसून गेली."

सभागृह गप्प झालं. मॅडमनी मात्र पुढं जे केलं ते मी दर नव्या माणसाला सांगतो. त्यांनी टाळ्या वाजू दिल्या नाहीत. वही काढली आणि आजींना विचारायला लागल्या: तुम्ही राहत कुठं होता? चालत गेलात की रेल्वेनं आलात? लुगडं कधी उकळलं, आदल्या दिवशी की आठवडाभर आधी? म्हणजे बातमी तुमच्या वस्तीत केव्हा पोचली होती? बघा, आठवण ऐकून डोळे पुसणं कोणालाही जमतं. लुगड्यावरून बातमी किती दिवस आधी पोचली हे काढणं, याला अभ्यास म्हणतात.

"असं झालं नसतं तर" हा प्रश्न नवख्यांना फार आवडतो. एक विचारा, फार तर दोन, आणि शेवटाकडं. तोही बारीक करून. "भोसल्यांचं राज्य टिकलं असतं तर" हे वाऱ्यावरचं बोलणं झालं. "डलहौसीनं दत्तक मान्य केला असता तर १८५७ मध्ये नागपूर कोणत्या बाजूला गेलं असतं?" इथं अभ्यासकाला पाय टेकायला जागा मिळते.

आणि ते "मला माहीत नाही" म्हणाले तर चेहरा पाडू नका. तिथून पुढचा अर्धा तास सोन्याचा असतो.

प्रत्यक्ष दिवस

कूलर. सगळ्यात मोठा शत्रू. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कूलर बंद करता येत नाही आणि चालू ठेवला तर रेकॉर्डिंगमध्ये अभ्यासकाच्या आवाजाऐवजी विदर्भ एक्सप्रेस ऐकू येते. आम्ही दोन उन्हाळे वाया घालवले. आता उन्हाळ्यात गप्पा सकाळी साडेसातला ठेवतो, खिडक्या उघड्या, पंखा एक नंबरवर. कॉलरला लावायचा साधा माईक मिळतो, तो घ्या. फोन विमान मोडवर टाका, जागा शिल्लक आहे का बघा. एकदा फोन भरला आणि चाळीस मिनिटं गेली. ती चूक माझी होती आणि त्या संध्याकाळी मी घरी जेवलो नाही. तेव्हापासून दोन फोन.

टेबलावर शहराचा जुना नकाशा पसरून ठेवा, त्याची प्रत असली तरी चालेल. बोट ठेवायला जागा मिळाली की माणसं वेगळं बोलतात. "इथं नाग नदी, इथं जुम्मा दरवाजा, फौज इकडून आली." आणि नकाशाचा फोटो काढायला विसरू नका, कारण रेकॉर्डिंगमध्ये "इथं" आणि "तिकडं" एवढंच राहतं.

शक्य असेल तर जागेवरच जा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडं आहे, सर्वसामान्यांना २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच उघडतो, तेव्हा आधी हिशोब करा. वरून बघितलं की लढाईत लहान टेकडी हातची गेल्यावर मोठ्या टेकडीवरच्यांचं काय होत असेल हे शब्दांशिवाय कळतं.

चहा आधी द्या. मध्ये दिलात तर कपबश्यांचा आवाज आणि तुटलेलं वाक्य दोन्ही पदरी पडतं.

तापलेले विषय

नागपुरात दसऱ्याला एकाच दिवशी रेशीमबागेत संघाचं संचलन आणि दीक्षाभूमीवर जनसागर असतो. या शहरात इतिहासावर बोलायचं तर दोन्हीवर प्रश्न येणारच, आणि टाळलेत तर लोक म्हणतील घाबरले. आमचा मार्ग साधा आहे: ज्या मापानं एकाला प्रश्न, त्याच मापानं दुसऱ्याला. १९२० साल घ्या. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली, तिथं तरुण आंबेडकर होते. डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, असहकाराचा ठराव झाला, तिथं स्वयंसेवकांच्या व्यवस्थेत डॉ. हेडगेवार होते. दोघांबद्दल विचारा: त्या वर्षी त्यांनी या शहरात काय पाहिलं, कोणाशी मतभेद झाले, पुढच्या पाच वर्षांत काय बदललं? कागदावर बोट ठेवून बोलणारा अभ्यासक इथं गर्दीला शांत ठेवतो. भाषणबाज माणूस असला तर तुमचं वाचनालय दुसऱ्या दिवशी बंद.

भोसल्यांची राणी बाकाबाई, त्यांचंही तसंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे वाईटाचा मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते, "घेऊन जा गे मारबत" म्हणत पोरं मागं धावतात, आणि कोणीतरी सांगतंच की ही बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून. लोकांनी तिला अशी लक्षात ठेवली हा इतिहासच आहे. १८५७ मध्ये राज्य गेलेली, वय झालेली राणी समोर काय काय पर्याय बघत होती, हाही इतिहास आहे. अभ्यासकाला दोन्ही विचारा, पण वेगवेगळे विचारा. एकाच प्रश्नात कोंबलेत तर उत्तर मारबतीच्या बाजूनं नाहीतर बाकाबाईंच्या बाजूनं, असं वकिली होतं.

श्रोत्यांतून कोणी उठून भाषण सुरू केलं तर "काका, प्रश्न काय आहे आपला?" एवढंच. हसून. दोनदा. तिसऱ्यांदा माईक घ्यायचा.

नंतर

उतरवून काढायचं काम त्याच आठवड्यात. एका तासाच्या गप्पांना पाच-सहा तास लागतात, फोनमधलं आपोआप टाइप करणारं काहीही वापरलं तरी. ते "जेन्किन्स"चं "जेव्हा किंवा" करतं आणि "सुहूर"चं "सासर". नावं, गावं, सनावळ्या हातानं तपासा.

"हे छापू नका" असं ते मध्येच म्हणाले असतील तर ते छापायचं नाही, कितीही रंगतदार असलं तरी. रेकॉर्डिंग कुठं ठेवणार, कोण ऐकू शकणार, हे साध्या कागदावर लिहून त्यांची सही आधीच घेऊन ठेवा. श्रोत्यांतल्या त्या आजींसारखं कोणी बोललं असेल तर त्यांचीही परवानगी घ्या, हे बहुतेकजण विसरतात.

मग छापील प्रत घेऊन त्यांच्या घरी जा. मेल करू नका. मोठ्या अक्षरात काढा, समास सोडा, सोबत पेन न्या. ते दुरुस्त्या करतील, कधी स्वतःचंच वाक्य खोडतील, ते खोडू द्या. हत्तींवर बोललेल्या सरांकडं मी प्रत नेली तेव्हा त्यांनी स्वतःच्या बोलण्यात तीन ठिकाणी बदल केले. माझ्या प्रास्ताविकाशी आल्यावर थांबले. मी लिहिलं होतं, "राज्य खालसा झाल्यावर संपूर्ण नागपूर शोकाकुल झालं." त्याच्याखाली रेघ मारून त्यांनी समासात दोन शब्द लिहिले: "हे कुठून?"

ते वाक्य काढलं. हत्ती कोणी घेतले ते अजून सापडलेलं नाही. सर दर गुरुवारी पुराभिलेखागारात जातात, अकरा वाजता. कोणाला सोबत जायचं असेल तर वाचनालयात नाव सांगून ठेवा.